पेट्रोल गाडीची पॉवर जास्त, मग चढावर डिझेल गाडी पुढे का जाते? टॉर्क आणि हॉर्सपॉवरचा सोपा हिशेब

सेकंडहँड गाड्यांच्या बाजारात २०१८ किंवा २०१९ सालच्या दोन मारुती स्विफ्ट शेजारी शेजारी उभ्या आहेत, असं समजा. एक पेट्रोल, दुसरी डिझेल. पेट्रोल गाडीची कमाल पॉवर ८३ पीएस. डिझेलची ७५ पीएस. आकडे बघून कोणीही म्हणेल की पेट्रोल गाडी जास्त दमदार.

पण दोन्ही गाड्या चालवून पाहिलेला माणूस वेगळंच सांगतो. चार माणसं आणि सामान घेऊन चढ लागला की डिझेल गाडी गिअर न बदलता वर जाते आणि पेट्रोल गाडी धापा टाकायला लागते. "हिला पिकअपच नाही" असं म्हणून मोकळं होणारे बरेच जण असतात.

मग ८३ चा आकडा खोटा आहे का? अजिबात नाही. तो खरा आहे, फक्त अर्धवट सांगितलेला आहे. गाडीच्या माहितीपत्रकात पॉवरच्या शेजारी आणखी एक आकडा असतो, टॉर्कचा. आणि या दोन्ही आकड्यांच्या पुढे बारीक अक्षरात आरपीएम लिहिलेला असतो, ज्याकडे जवळपास कोणीच बघत नाही. गाडी रस्त्यावर कशी वागणार, याचं उत्तर त्या बारीक अक्षरात असतं.

टॉर्क म्हणजे काय?

जातं आठवा. त्याचा खुंटा नेहमी कडेला असतो, मध्याजवळ कधीच नसतो. खुंटा मध्याच्या जवळ बसवला तर तेच जातं फिरवताना हात भरून येतील. कडेला असल्यामुळे थोड्या जोरात जड पाळू फिरते.

गॅरेजमधला मेकॅनिक हेच करतो. चाकाचा नट घट्ट बसला असेल तर तो पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवतो आणि पाइपच्या टोकाला जोर देतो. हाताचा जोर तेवढाच असतो, पण तो मध्यापासून लांब लागल्यामुळे नट सुटतो.

जोर किती आणि तो मध्यापासून किती लांब लागतो, या दोघांचा गुणाकार म्हणजे टॉर्क. एखादी वस्तू फिरवण्यासाठी लावलेला पीळ, असंही म्हणता येईल. तो न्यूटन-मीटर या एककात मोजतात. एक मीटर लांबीच्या आडव्या दांड्याच्या टोकाला एक किलोचं वजन टांगलं, तर दांड्याच्या दुसऱ्या टोकाला साधारण १० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो.

इंजिनातही हेच घडतं. इंधन जळलं की पिस्टन खाली ढकलला जातो. तो क्रँकशाफ्टला पीळ देतो आणि क्रँकशाफ्ट फिरू लागतो. हा पीळ म्हणजे इंजिनाचा टॉर्क.

वर सांगितलेल्या पेट्रोल स्विफ्टचा कमाल टॉर्क आहे ११३ न्यूटन-मीटर. डिझेलचा आहे १९०. म्हणजे पॉवरमध्ये मागे असलेली डिझेल गाडी टॉर्कमध्ये बरीच पुढे आहे. इथे अनेक जण ठरवून टाकतात की टॉर्क हाच खरा आकडा आणि हॉर्सपॉवर नुसती जाहिरातबाजी. पण हेही तितकंच चुकीचं आहे.

सायकलवाल्याचा टॉर्क गाडीएवढा!

सायकलच्या पेडलचा दांडा साधारण १७ सेंटीमीटर लांब असतो. ६८ किलो वजनाचा माणूस आडव्या आलेल्या पेडलवर पूर्ण भार देऊन उभा राहिला, तर किती टॉर्क तयार होतो? हिशेब केला तर उत्तर येतं ११३ न्यूटन-मीटर. म्हणजे पेट्रोल स्विफ्टच्या इंजिनाएवढा!

मग सायकलवाला स्विफ्टच्या बरोबरीने का पळत नाही? कारण तो मिनिटाला साधारण ६० वेळा पेडल फिरवतो. स्विफ्टचं इंजिन तोच टॉर्क देताना मिनिटाला ४,२०० फेरे मारतं. पीळ सारखा, पण इंजिन तो ७० पट वेगाने देतं.

म्हणजे नुसता टॉर्क सांगून काम भागत नाही. तो पीळ किती वेगाने देता येतो, हेही सांगावं लागतं. या दोन्हींचा एकत्रित हिशेब म्हणजे पॉवर, मराठीत शक्ती. ठरावीक वेळात किती काम झालं, हे पॉवर सांगते.

घोडा यात आला कुठून?

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडच्या जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनात मोठी सुधारणा केली. त्याआधी खाणीतलं पाणी उपसायला न्यूकोमेनचं इंजिन वापरत आणि ते भरमसाट कोळसा खायचं. वॉट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन खाणमालकांना सांगत, आमच्या इंजिनाने जेवढा कोळसा वाचेल त्याचा एक तृतीयांश मोबदला आम्हाला द्या.

पण गिरण्या आणि कारखान्यांमध्ये अडचण आली. तिथे जुनं इंजिनच नव्हतं, घोडे होते. तेलाच्या घाण्याला बैल जुंपावा तसे ते गोल गोल फिरून चक्र चालवायचे. अशा मालकाचा प्रश्न सरळ होता: तुमचं इंजिन माझ्या किती घोड्यांचं काम करेल?

त्यासाठी वॉटने एका घोड्याचं काम आकड्यात बसवलं. घोडा १२ फूट त्रिज्येच्या वर्तुळात तासाला १४४ फेऱ्या मारतो आणि १८० पौंडांच्या जोराने ओढतो, असं त्याने धरलं. त्यातून आलेला आकडा थोडा वर नेऊन त्याने पक्का केला. मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलण्याएवढं काम म्हणजे एक हॉर्सपॉवर. आजच्या हिशेबात ७४६ वॅट. हे वॅट हे नावही जेम्स वॉटचंच.

गंमत म्हणजे वॉटच्या या घोड्याचा टॉर्क काढला, तर तो सुमारे २,९०० न्यूटन-मीटर येतो. पेट्रोल स्विफ्टच्या २५ पटींहून जास्त! पण तो घोडा मिनिटाला अडीच फेऱ्याही पूर्ण करत नाही, म्हणून त्याची पॉवर जेमतेम एक हॉर्सपॉवर.

दोन आकड्यांना जोडणारं सूत्र

टॉर्क आणि पॉवर ही दोन वेगळी वरदानं नाहीत. एकातून दुसरं निघतं. सूत्र असं:

पॉवर (पीएस) = टॉर्क (न्यूटन-मीटर) × आरपीएम ÷ ७,०००

नेमका भागाकार ७,०२४ ने करायचा, पण घरगुती हिशेबाला ७,००० पुरेसा आहे.

आता हे सूत्र आपल्या दोन स्विफ्टला लावू. डिझेल इंजिन १९० न्यूटन-मीटर टॉर्क २,००० आरपीएमला देतं. १९० गुणिले २,००० भागिले ७,००० म्हणजे ५४ पीएस. इंजिन निवांत फिरत असतानाच ७५ पैकी ५४ पीएस हाताशी आहेत.

पेट्रोलच्या ८३ पीएसपुढे लिहिलंय ६,००० आरपीएम. म्हणजे ही पूर्ण पॉवर इंजिन पार किंचाळत असताना मिळते. तिचा ११३ चा कमाल टॉर्कही ४,२०० ला येतो. समजा २,००० लाच तिने पूर्ण ११३ दिले, तरी पॉवर होते फक्त ३२ पीएस. प्रत्यक्षात त्याहून थोडी कमीच.

म्हणजे २,००० आरपीएमला चालणाऱ्या या दोन गाड्यांत स्पर्धा ८३ विरुद्ध ७५ अशी नाहीच. ती आहे ३२ विरुद्ध ५४ अशी. रोजच्या रस्त्यावर बहुतेक लोक इंजिन २,००० ते २,५०० च्या आसपासच ठेवतात. म्हणून डिझेल गाडी "ओढते" असं वाटतं.

आता घाट चढू

खंबाटकी असो की कसारा, चढावर नेमकं काय होतं ते आकड्यांत बघता येतं. गाडी, चार माणसं आणि सामान मिळून १,३०० किलो वजन धरा. दर १०० मीटरला ७ मीटर वर जाणारा चढ आणि ताशी ६० किलोमीटरचा वेग. वजन वर उचलायला, टायरच्या घर्षणाला आणि हवेच्या विरोधाला मिळून चाकांवर साधारण २६ पीएस लागतात. हे फक्त वेग कायम ठेवायला. वेग वाढवायचा असेल तर त्यावर जे उरेल ते कामाला येतं.

पेट्रोल गाडी वरच्या गिअरमध्ये २,००० आरपीएमवर असेल तर तिच्याकडे ३२ पीएस आहेत. उरले सहा. त्यातलेही काही गिअरबॉक्समध्ये वाया जातात. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी गाडी फारशी हलत नाही, कारण देण्यासारखं इंजिनाकडे काही उरलेलंच नाही.

डिझेल गाडी शंभरेक किलोने जड आहे, म्हणून तिला २८ पीएस लागतील. तिच्याकडे ५४ आहेत. उरले २६.

आता पेट्रोल गाडीच्या चालकाने गिअर खाली घेतला आणि इंजिन ४,००० आरपीएमवर नेलं तर? ११३ गुणिले ४,००० भागिले ७,००० म्हणजे साधारण ६४ पीएस. २६ वजा केले तर उरले ३८. म्हणजे मघाशी धापा टाकणारी पेट्रोल गाडी आता २,००० आरपीएमवरच्या डिझेलपेक्षा जास्त जोमाने वर जाते!

गाडी तीच, रस्ता तोच, पेट्रोलही तेच. बदलला फक्त गिअर. "हिला पिकअप नाही" असं ज्या गाडीबद्दल म्हटलं जातं, तिच्यात अनेकदा पॉवर असते, पण चालक ती जिथे मिळते तिथपर्यंत इंजिन नेतच नाही.

गिअर नेमकं काय करतो?

गिअर पॉवर वाढवत नाही. तो फक्त देवाणघेवाण करतो. फेरे कमी करतो आणि त्या बदल्यात टॉर्क वाढवतो.

साध्या हॅचबॅकमध्ये पहिल्या गिअरला इंजिनाचे साधारण १५ फेरे होतात तेव्हा चाकाचा एक फेरा होतो. त्यामुळे इंजिनाचे ११३ न्यूटन-मीटर चाकांपर्यंत जाताना जवळपास १,७०० होतात, त्यात थोडी गळती. म्हणूनच चढावर गाडी उचलताना पहिला गिअर लागतो. पाचव्या गिअरमध्ये ही पट खूप कमी असते, म्हणून तिथे ओढ नसते पण वेग असतो.

याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ट्रॅक्टर. ४५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर पॉवरमध्ये बहुतेक छोट्या कारच्या मागे आहे. त्याच्या इंजिनाचा टॉर्कही साधारण १६० न्यूटन-मीटरच्या घरात असतो, म्हणजे डिझेल स्विफ्टपेक्षा कमी. तरी हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या तोच ओढतो.

कारण तो घाई करत नाही. तेवढीच पॉवर जितक्या कमी वेगात वापरली जाते, तितकी ओढ वाढते. ४५ हॉर्सपॉवर ताशी ८० किलोमीटर वेगाला वापरली तर ओढ मिळते दीडशे किलोंच्या आसपास. तीच पॉवर ताशी पाच किलोमीटरला वापरली तर हिशेबाने दोन टनांहून जास्त. प्रत्यक्षात चाकं घसरतात आणि काही पॉवर वाया जाते, पण फरक तरीही प्रचंड राहतो. ट्रॅक्टरचे खोल गिअर, मोठी चाकं आणि स्वतःचं वजन हे सगळं त्या हळू पण दांडग्या ओढीसाठीच असतं.

उलट वेग हवा असेल तर पॉवरला पर्याय नाही. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्याला तोंड द्यायला आठपट पॉवर लागते. गाडीचा कमाल वेग ठरतो तो मुख्यतः पॉवरवर.

डिझेल, टर्बो आणि इलेक्ट्रिक

डिझेल इंजिनाचे भाग जास्त दाब सोसायला जड बनवलेले असतात आणि त्यात इंधनाच्या ज्वलनाला वेळ लागतो. म्हणून ते फार वेगाने फिरत नाही. पण टर्बोचार्जर जादा हवा कोंबतो, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला जोरदार धक्का मिळतो. परिणामी कमी आरपीएमला मोठा टॉर्क. मात्र लवकरच त्याचा दम संपतो. डिझेल स्विफ्टची कमाल पॉवर ४,००० ला येते, तेव्हा तिचा टॉर्क १९० वरून १३१ पर्यंत उतरलेला असतो.

साध्या पेट्रोल इंजिनात याच्या उलट. ते ६,००० च्या पुढे सहज फिरतं, पण खालच्या आरपीएमला थंड असतं.

टर्बो पेट्रोलने ही दरी बरीच भरून काढली. ह्युंदाई व्हेन्यू २०१९ मध्ये आली तेव्हा तिचं साधं १.२ लिटर पेट्रोल इंजिन ८३ पीएस आणि ११४ न्यूटन-मीटर देत होतं. त्याच गाडीतलं त्याहून लहान, १ लिटरचं टर्बो इंजिन १२० पीएस आणि १७२ न्यूटन-मीटर. महत्त्वाचं म्हणजे हे १७२ त्याला १,५०० ते ४,००० आरपीएमपर्यंत सलग मिळतात. म्हणून अशी गाडी कुठल्याही गिअरमध्ये तयारीत असल्यासारखी वाटते.

इलेक्ट्रिक मोटर आणखी पुढे जाते. इंजिनाला टॉर्क देण्यासाठी आधी फिरावं लागतं. मोटरला ती अट नाही, ती थांबलेल्या स्थितीतूनच जवळपास पूर्ण टॉर्क देते. २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीचे आकडे १२९ पीएस आणि २४५ न्यूटन-मीटर होते. सिग्नल सुटल्यावर अशी गाडी झपकन पुढे निघते ती यामुळेच. मोटर खूप मोठ्या आरपीएमपर्यंत काम करू शकते, म्हणून बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत बदलायचे गिअरच नसतात.

बीएचपी, पीएस, किलोवॅट: कोणता आकडा धरायचा?

बीएचपीमधला बी म्हणजे ब्रेक. इंजिनाला ब्रेकसारखं यंत्र लावून, त्याला रोखायला किती जोर लागतो यावरून पॉवर मोजायची पद्धत १८२१ मध्ये फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी याने काढली. नाव तिथून आलं.

पीएस हा युरोपातला मेट्रिक हॉर्सपॉवर. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याएवढी पॉवर, म्हणजे ७३५.५ वॅट. त्यामुळे १०० पीएस म्हणजे साधारण ९८.६ बीएचपी. फरक किरकोळ आहे, पण एका गाडीचा आकडा पीएसमध्ये आणि दुसरीचा बीएचपीमध्ये असेल तर एक-दोन अंकांच्या फरकावरून भांडण्यात अर्थ नाही.

गाडी घेताना आणि चालवताना काय लक्षात ठेवायचं?

पहिली गोष्ट, कमाल टॉर्क किती यापेक्षा तो किती आरपीएमला आणि कुठपर्यंत मिळतो हे बघा. १,५०० ते ४,००० असा लांब पट्टा असेल तर शहरात आणि घाटात गाडी चालवणं सोपं जाईल. एकच आकडा आणि तोही ४,००० च्या पुढे असेल, तर गिअर बदलायची तयारी ठेवा.

दुसरी गोष्ट, आकडे गाडीच्या वजनासोबत वाचा. ८३ पीएस ९०० किलोच्या गाडीला पुरतात, तेच दीड टनाच्या गाडीला कमी पडतात.

तिसरी गोष्ट, टेस्ट ड्राइव्ह एकट्याने आणि सपाट रस्त्यावर घेऊ नका. घरची माणसं बसवा, एसी लावा आणि जवळचा एखादा चढ किंवा उड्डाणपूल गाठा. गाडीचा खरा स्वभाव तिथे कळतो.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ओव्हरटेकची. दोन पदरी रस्त्यावर ट्रकच्या पुढे जाताना गाडी समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला असते. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून "आता उचलेल" अशी वाट बघणं धोक्याचं आहे, कारण त्या आरपीएमला इंजिनाकडे पॉवर नसते. साध्या पेट्रोल गाडीत ओव्हरटेक सुरू करण्याआधीच गिअर खाली घ्यायला हवा. आणि रस्ता मोकळा दिसत नसेल तर कितीही पीएस असले तरी थांबायलाच हवं.

इंजिन थोडं ओरडलं म्हणून घाबरायचं कारण नाही. टॅकोमीटरच्या लाल पट्ट्याच्या खाली फिरण्यासाठीच ते बनवलेलं असतं. उलट चढावर वरच्या गिअरमध्ये ते गुदमरवत नेलं तर गाडी थरथरते, इंजिनावर ताण येतो आणि नॉकिंग होऊ शकतं.

पुढच्या वेळी कोणी "माझ्या गाडीला एवढे बीएचपी" असं सांगू लागलं, की त्याला फक्त एक प्रश्न विचारा: "किती आरपीएमला?"